जिप्सीच्या मागच्या शाफ्टचा क्रॉस सारखा का तुटतो?

चौदा महिन्यांत तीन क्रॉस गेले, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारे चार टोकांचे सांधे. तिन्ही वेळा मागच्या प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या धुरीला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) आणि तिन्ही वेळा डिफरन्शियलकडच्या, म्हणजे धुरीतल्या गिअरपेटीकडच्या टोकाचे. माझी मारुती जिप्सी २००३ सालची. भोर तालुक्यात नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला आमचं शेत आहे, तिथे ती रोज जाते-येते. पावसाळ्यात ओढा ओलांडते, सुगी झाली की आंबेमोहोराची पोती भोरला आणते. काम पडतं तिला, पण दर चार-पाच महिन्यांनी क्रॉस जावा इतकं नाही.

बिघाडाचा क्रमही ठरलेला होता. आधी गाडी हळू चालताना खालून चिमणी ओरडल्यासारखी चिवचिव. महिन्याभराने पन्नास-साठच्या वेगात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की सीटखाली थरथर. मग क्लच सोडताना ‘टक्’, आणि त्यानंतर आठवड्याभरात खडखडाट. तिसऱ्यांदा हे वरंध घाटात झालं, मागे सहा पोती होती आणि दिवस मावळला होता. तेव्हा ठरवलं की चौथा क्रॉस घालण्याआधी तिसरा का गेला ते कळलंच पाहिजे.

आधीचे दोन्ही क्रॉस वेगवेगळ्या गॅरेजांत बदलले होते. दोन्हीकडे उत्तर एकच: “आधीचा माल लोकल होता, आता चांगला टाकलाय.” माल लोकल असू शकतो. पण पुढच्या शाफ्टचे आणि मधल्या छोट्या शाफ्टचे क्रॉस वर्षानुवर्षं टिकतात आणि एकाच जागचा सारखा जातो, तेव्हा दोष क्रॉसचा नसतो. त्या जागी काहीतरी क्रॉसला मारत असतं. माझ्या गाडीत अशा तीन गोष्टी निघाल्या.

तिसरा क्रॉस मी घरी अंगणात खोलला. सरक्लिप काढून टोपी ओढली, तर आतल्या बेअरिंगच्या सुयांच्या जागी गेरूसारखी लालसर भुकटी. टोपीत चिमूटभर ग्रीस कडेला वाळून चिकटलेलं. पण खरी खूण क्रॉसच्या दांडीवर होती. फडक्याने पुसून उजेडात धरली तेव्हा एका बाजूला सुईच्या मापाच्या बारीक चऱ्या शेजारी शेजारी पडलेल्या दिसल्या, बोटाच्या नखाला लागतील एवढ्या खोल. दुसरी बाजू जवळजवळ गुळगुळीत. ग्रीस नुसतंच आटलं असतं तर दांडी सगळीकडून झिजली असती. एकाच बाजूला चऱ्या म्हणजे सुया जागच्या जागी आपटत होत्या. शाफ्ट फिरताना झटके देत होता.

गाडीची रचना आधी डोळ्यांपुढे आणा

जिप्सी १९८५ मध्ये आली ती ९७० सीसीच्या इंजिनाची. पुढे १.३ लिटरचं इंजिन आलं, पण खालची मांडणी तीच राहिली. गिअरबॉक्स वेगळा आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या धुरीला ताकद वाटणारी पेटी) वेगळा, चासीवर रबरी माउंटिंगवर टांगलेला. दोघांना जोडायला एक छोटा शाफ्ट. ट्रान्स्फरमधून एक शाफ्ट पुढे जातो, एक मागे. म्हणजे एकूण तीन शाफ्ट. पुढच्या आणि मागच्या धुरीमध्ये सेंटर डिफरन्शियल नाही. लिव्हर फोर-एचला (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकला की पुढची आणि मागची धुरी एकमेकांना घट्ट बांधली जाते, म्हणून डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर-एच लावायचं नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घाटात पहिला शिडकावा आला की अनेक जण लावतात आणि पुढे मैलभर कोरड्यातही तसंच ठेवतात.

ही मांडणी बिघाड शोधायला फार सोयीची आहे. एकेक तुकडा बाजूला काढून बघता येतो. मी ज्या क्रमाने तपासलं तो क्रम सांगतो.

थरथर कुठून येते?

गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. ट्रान्स्फरचा लिव्हर न्यूट्रलला, गिअरबॉक्स चौथ्या गिअरला, क्लच सोडा आणि इंजिन दोन हजार फेऱ्यांवर न्या. चौथा गिअर थेट आहे, त्यामुळे मधला छोटा शाफ्टही इंजिनाएवढ्याच वेगाने फिरतो, पण पुढचा-मागचा शाफ्ट आणि चाकं जागच्या जागी. थरथर इथेच आली तर मधला शाफ्ट, गिअरबॉक्सचं शेपूट किंवा ट्रान्स्फरचं आत येणारं बेअरिंग बघा. माझ्याकडे इथे काहीच आलं नाही. हे करताना गाडीखाली कुणी जायचं नाही. आणि एक ध्यानात ठेवा, ट्रान्स्फर न्यूट्रलला असताना गाडी गिअरमध्ये असली तरी अडून राहत नाही. उतारावर अशी उभी केलेली गाडी नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर असते.

दुसरी चाचणी: मागचा शाफ्ट दोन्हीकडचे फ्लॅन्जचे (जोडणीच्या चकतीचे) बोल्ट काढून पूर्ण उतरवा. बोल्ट सोडण्याआधी फ्लॅन्ज आणि योकवर (क्रॉस धरणाऱ्या दोन कानांच्या तुकड्यावर) सेंटर पंचाने खूण करा, खडूची खूण तेलात पुसली जाते. आता पुढचे हब (पुढची चाकं एक्सेलला जोडणारी-सोडणारी चकती) लॉक करून फोर-एचला टाका. गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालेल. मागची धुरी बांधलेलीच नाही, म्हणून हे डांबरी रस्त्यावर केलं तरी चालतं, मात्र सरळ रस्त्यावर आणि हलक्या पायाने. पन्नासपर्यंत नेऊन पाय काढला. थरथर गायब. म्हणजे दोष मागच्या शाफ्टात किंवा त्याच्या टोकांना. शाफ्ट उतरवूनही मागून घूं असा आवाज येत राहिला असता, तर शाफ्टला दोष देता आला नसता. चाकं फिरली की क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी जोडी) फिरतेच, तेव्हा मग चाकाचं किंवा पिनियनचं बेअरिंग बघावं लागलं असतं.

शाफ्ट जागेवर असताना आणखी एक गोष्ट हाताने करता येते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, आणि गाडीखाली घोड्या (टेकायचे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय आत शिरायचं नाही. शाफ्ट दोन्ही दिशांना हाताने फिरवून प्ले (सैलपणा) बघा. आधी क्रॉसच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या हातांनी धरा: एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तर क्रॉस सैल आहे. दोन्ही एकदम हलतात, तर प्ले पुढे क्राऊन-पिनियनमध्ये किंवा एक्सेलच्या स्प्लाइनमध्ये (लांबट दात्यांच्या जोडात) आहे. जुन्या जिप्सीत क्राऊन-पिनियनला थोडा प्ले असणारच, तो बघून डिफरन्शियल खोलायची घाई करू नका. पिनियनचा फ्लॅन्ज मात्र वर-खाली हलला, तर ते बेअरिंग आहे आणि त्याला थांबवून चालत नाही.

पहिला दोष: शाफ्टचे कान

उतरवलेला शाफ्ट घेऊन मी भोरच्या लेथवाल्या काकांकडे गेलो, वाकलाय का ते बघायला. त्यांनी तो दोन लाकडांवर आडवा ठेवला, एका टोकाकडून डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, “वाकलेला नाही रे, पण हे कान एका रेषेत कुठायत?”

ते बरोबर होते. शाफ्टच्या मध्ये स्लिप जॉइंट असतो, म्हणजे एक स्प्लाइन दुसरीत सरकते, पाटे (धुरीवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबले-उठले की शाफ्टची लांबी कमी-जास्त होते. स्लिप ओढून काढला की तो परत कुठल्याही दात्यात बसू शकतो. पण दोन्ही टोकांच्या योकचे कान एका प्रतलात असावे लागतात. माझ्या शाफ्टात ते चांगले फिरलेले होते. पहिला क्रॉस बदलताना स्लिप ओढला गेला असणार आणि कसाही परत बसवला असणार.

यातलं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. क्रॉसचा जॉइंट कोनात फिरताना एकसारख्या वेगाने फिरवत नाही. एका फेरीत तो दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. कोन ५ अंश असेल तर हा फरक अर्धा टक्काही नसतो, १५ अंश असेल तर साडेतीन टक्के इकडे, साडेतीन टक्के तिकडे. कान एका रेषेत असले की दुसऱ्या टोकाचा जॉइंट नेमका उलट वागतो आणि पहिल्याची चढ-उतार खाऊन टाकतो. कान फिरले की खात नाही, उलट तीत भर घालतो. आता हिशेब करा: २०५/७० आर-१५ टायरचा परीघ सुमारे २.१ मीटर. साठच्या वेगात चाक मिनिटाला पावणेपाचशे फेऱ्या मारतं आणि शाफ्ट त्याच्या साधारण चौपट, म्हणजे एकोणीसशेच्या आसपास. दर फेरीला दोन झटके, म्हणजे सेकंदाला साठाहून जास्त. क्रॉसच्या सुया या झटक्यांनीच दांडीत रुतत होत्या.

दुरुस्तीला पैसे लागले नाहीत. स्लिप ओढला, स्वच्छ केला, कान जुळवून परत घातला आणि दोन्ही तुकड्यांवर पंचाने समोरासमोर खूण केली. पुढच्या वेळी शाफ्ट खोलणारा कुणीही असला तरी त्याला ती दिसेल. तुमच्या शाफ्टवर अशी खूण नसेल तर आजच करून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा दोष: लांब शॅकल

नवा क्रॉस, जुळलेले कान, तरी ओझं असताना थोडी थरथर उरलीच. माझ्याआधीच्या मालकाने गाडी उंच दिसावी म्हणून मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) लावले होते. पाट्याचं पुढचं टोक चासीला पक्कं असतं आणि मागचं शॅकलला. शॅकल लांब केला की पाटा मागून खाली कलतो, त्याबरोबर धुरी फिरते आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. दोन टोकांचे कोन सारखे असतील तरच एक जॉइंट दुसऱ्याची चढ-उतार खातो. ते सारखे राहिले नाहीत की कान जुळवूनही काम अर्धवट राहतं.

कोन मोजायला मी सुताराकडचा कोनमापक आणि ओळंबा वापरला. मोबाइलमधली पातळी दाखवणारी सोयही चालते. गाडी सपाटीवर, चाकांवर उभी असताना मोजायचं, जॅकवर नाही, कारण जॅकवर पाटे लोंबतात आणि कोन बदलतो. ट्रान्स्फरचा फ्लॅन्ज उभ्या रेषेपासून ३ अंश कललेला, डिफरन्शियलचा ७ अंश. फरक ४ अंशांचा. तो १ अंशाच्या आत हवा. धुरी आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालून हा कोन सुधारता येतो, पण मला उंचीची गरजच नव्हती. मूळ मापाचे शॅकल आणून लावले. मोठ्या टायरसाठी गाडी उंच करायचा विचार असेल तर हा हिशेब आधी करा. २३५/७५ आर-१५ टायर मूळ टायरपेक्षा परिघाने जवळजवळ १० टक्के मोठा आहे, त्याचा भार सगळ्याच शाफ्टांवर येतो.

तिसरा दोष, जो सगळ्यात उशिरा सापडला

इथपर्यंत आल्यावर सपाटीवर गाडी एकदम शांत झाली. मी समाधानाने पुन्हा घाटात नेली. उतारावर फोर-एल (चारही चाकं, हळू आणि जास्त ओढ) आणि पहिला गिअर, पाय सोडलेला, इंजिन गाडी धरून आहे, आणि अचानक लिव्हर न्यूट्रलला उडाला. गाडी मोकळी सुटली. ब्रेक होता म्हणून निभावलं, पण त्या वळणावर पोटात गोळा आला. लिव्हर उडणं ही चेष्टा नाही. ज्यांच्या गाडीत हे एकदा तरी झालं आहे त्यांनी दुरुस्ती होईपर्यंत फोर-एलच्या भरवशावर उतार उतरू नये.

फोर-एल उडालं की बहुतेक जण थेट ट्रान्स्फर उघडतात. आत कारणं असतात खरी: शिफ्टर शाफ्टला जागेवर धरणारी गोळी आणि तिची स्प्रिंग थकते, फोर्क झिजतो, दातांची टोकं गोल होतात. पण ट्रान्स्फर उघडण्याआधी त्याची माउंटिंग बघा. लिव्हर ट्रान्स्फरवरच बसलेला आहे. ट्रान्स्फर हलला की लिव्हर हलतो, कॅबिनच्या फरशीला टेकतो आणि स्वतःला बाहेर ढकलतो.

तपासणी दोघांनी करायची. एक जण आत, फूटब्रेक घट्ट दाबून, फोर-एल आणि पहिला गिअर, क्लच अगदी थोडा सोडायचा, इंजिन दबलं की परत दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. दुसरा बाजूने बघणार, गाडीच्या पुढे, मागे किंवा खाली नाही. आतल्याने लिव्हरच्या मुठीवर नजर ठेवायची. माझी मूठ दोन बोटं पुढे-मागे झाली.

वरून तिन्ही रबरं धडधाकट दिसत होती, म्हणून आजवर कुणाला शंका आली नव्हती. मी ट्रान्स्फरच्या हाताखाली पहार घालून हलकेच उचललं. एका माउंटिंगचं रबर पत्र्यावरून अख्खं सुटलं, मध्ये बोट जाईल एवढी फट पडली. पहार सोडली की ट्रान्स्फरच्या वजनाने फट मिटायची आणि रबर पुन्हा नव्यासारखं. ओझं आलं की ट्रान्स्फर उचलला जायचा, शाफ्टचा कोन बिघडायचा, क्रॉसला मार बसायचा. घाट आणि पोती असतानाच क्रॉस का तुटायचे त्याचं उत्तर इथे मिळालं. तिन्ही माउंटिंग एकदम बदलली. एकच नवं आणि दोन जुनी ठेवली तर ट्रान्स्फर तिरका बसतो. लिव्हर तेव्हापासून उडालेला नाही, ट्रान्स्फर खोलावा लागला नाही.

क्रॉस बसवताना

हातोडीने ठोकून बसवू नका, कितीही सरावाचा हात असला तरी. टोपीतली एखादी सुई आडवी पडते, तळाला जाऊन बसते, टोपी पूर्ण आत जात नाही, मग सरक्लिप बसत नाही म्हणून आणखी ठोकतात. बाकात (व्हाइसमध्ये) टोपीएवढा सॉकेट धरून दाबत बसवा. सुया पडू नयेत म्हणून टोपीत आधी ग्रीस लावा. दोन्ही सरक्लिप खाचेत पूर्ण बसल्या की योकच्या कानावर लाकडी मोगरीने एक-दोन टिचक्या द्या, म्हणजे टोप्या सरक्लिपला टेकतात आणि जॉइंट मोकळा होतो. बसवलेला क्रॉस बोटाने सर्व दिशांना सारख्या ताकदीने वळला पाहिजे. एका जागी अडला तर गाडीला लावू नका, पुन्हा खोला.

निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेलाच क्रॉस घ्या, आणि निपल ग्रीस गन पोचेल अशा बाजूला ठेवा. चारही टोप्यांच्या कडेने नवं ग्रीस डोकावेपर्यंत भरायचं. तीनमधून आलं आणि चौथीतून नाही, तर ती चौथी टोपीच पुढे जाणार. पाण्यातून गाडी नेली की त्याच आठवड्यात ग्रीस.

तेल आणि पाणी

डिफरन्शियलचं तेल बदलताना आधी वरचा भरायचा बोल्ट सोडून बघा, मगच खालचा. वरचा गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून दिलं, तर गाडी तिथेच. खालचा बोल्ट सावकाश सैल करा: आत पाणी असेल तर तेच आधी येतं, कारण ते तळाला असतं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी घुसळलं गेलं आहे. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हाउसिंगमधली हवा आत-बाहेर होण्याचं भोक) मातीने बुजलेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती उंच इंजिनाच्या बाजूला नेऊन बांधा. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात, त्यात जीएल-४ दर्जाचं गिअर तेल घाला. डिफरन्शियलला जीएल-५. दोन्हीकडे एकच डबा ओतायची सवय अनेक ठिकाणी आहे, ती पितळ खाते.

पुढची चाकं ओढत नसतील तर

हे वेगळं दुखणं आहे, पण याच गाड्यांचं. लिव्हर फोर-एचला, तरी चिखलात पुढची चाकं थंड. माझ्या गाडीला हाताने फिरवायचे हब आहेत. आतलं ग्रीस घट्ट झालं की बाहेरची चकती लॉकवर दिसते पण आत दात गुंतलेले नसतात. डिफरन्शियल साधा असल्यामुळे एका बाजूचा हब मोकळा राहिला तरी सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूने निघून जाते. मागच्या चाकांना दगड लावून पुढची धुरी घोड्यांवर घ्या, दोन्ही हब लॉक, लिव्हर फोर-एचला, गिअरबॉक्स गिअरमध्ये. डावं चाक पुढे फिरवा, उजवं उलट फिरलं पाहिजे. नुसतं एकच फिरत राहिलं तर हब खोलून रॉकेलने धुवा, हलकं ग्रीस लावा. दोन्ही हब ठीक असून असंच होत असेल तर एक्सेल किंवा नकलमधला (चाक वळवणाऱ्या सांध्यातला) जॉइंट तुटला आहे. तो जॉइंट तुटण्याआधी पूर्ण वळणावर कट-कट आवाज देतो.

टायरही बघून घ्या. मागे ८ मिलिमीटर रबर असलेले नवे आणि पुढे ३ मिलिमीटर उरलेले जुने, तर परिघात ३० मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे कागदावर किलोमीटरला सुमारे १५ मीटर. फोर-एचमध्ये हा फरक चाकं घसरून भरून काढतात. घसरायला माती नसेल तर तो शाफ्टात पीळ होऊन साठतो आणि लिव्हर अडकतो. अशा वेळी लिव्हर ओढून तोडू नका. सरळ रेषेत दोन-चार मीटर मागे घ्या, सुटतो.

सगळं जोडल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर फ्लॅन्जचे बोल्ट आणि माउंटिंगचे नट पुन्हा आवळा. माझे दोन नट पाव फेरी फिरले. त्यानंतर एक भाताची सुगी आणि एक अख्खा पावसाळा गेला, चौथा क्रॉस अजून तोच आहे, आणि परवा शाफ्ट हाताने फिरवून बघितला तेव्हा त्यात प्ले नव्हता.